मूडराव ऑफ झाले

एका गावात एक भोळा भिवसेन होता. नाव भीमाचं, अंग भीमाचं, डोकं मात्र देवानं घाईघाईत बसवलेलं. सांगितलं तेवढं करायचा. शिकवलं ते विसरायचा नाही. गावाला दोन्ही गोष्टींचा त्रास होता.

त्याच गावात दिनकरशेठ लोणारींचं मंगल कार्यालय होतं. शेठ सातवी नापास, पण इंग्रजीचा भारी सोस. मराठीत बोललं की भाडं कमी मिळतं, असं त्यांचं मत. आता इंग्रजी शब्द त्यांना येत होते मोजकेच. म्हणून एकेक शब्द ते चार-चार ठिकाणी वापरायचे. त्यातला लाडका शब्द होता 'ऑफ'.

भिवसेनच्या आईनं शेठच्या हातापाया पडून पोराला तिथं कामाला लावलं. जाताना म्हणाली, "भिवा, शेठ शहाणे आहेत. एकदा शिकवतील ते पक्कं ध्यानात धर. ही नोकरी गेली तर दुसरं कोणी तुला दारात उभं करणार नाही."

"धरतो," भिवसेन म्हणाला.

पहिल्याच दिवशी एक साखरपुडा होता. पंखे गरगरा फिरत होते. वाऱ्यानं पानातल्या पुऱ्या उडायला लागल्या. शेठ दारातूनच म्हणाले, "भिवा, पंखे ऑफ कर."

भिवसेनला ऐकू आलं, साफ कर. त्यानं केरसुणी आणली, लांब काठीला बांधली आणि फिरत्या पंख्यात घातली. वर्षभराची जळमटं खाली आली. केरसुणीचे हीर आले. नवरदेवाच्या आत्याच्या श्रीखंडात अर्धी केरसुणी उभी राहिली.

शेठनी त्याला बाजूला ओढलं. "साफ नाही रे. ऑफ. ऑफ म्हणजे बंद."

"बंद म्हणजे कसं?"

"म्हणजे गप पडायचं. हलायचं नाही, आवाज करायचा नाही. कळलं?"

"कळलं," भिवसेन म्हणाला. आणि त्याला खरंच कळलं होतं.

चार दिवसांनी शेठ म्हणाले, "भिवा, उद्या लग्न नाही. उद्या तुला ऑफ."

दुसऱ्या दिवशी भिवसेन अंथरुणातून उठलाच नाही. आईनं हाक मारली, तो हलला नाही. गदागदा हलवलं, आवाज नाही. तिनं नाकाला कांदा लावला. डोळ्यांतून पाणी आलं, पण पापणी हलली नाही. आईनं हंबरडा फोडला. शेजारपाजार गोळा झाला. कोणी नाडी बघितली, कोणी पाय चोळले. तिच्या माहेरी माणूस गेला. भाऊ-भावजया रडत आल्या.

दिवस मावळला तसा भिवसेन उठून बसला. म्हणाला, "आई, भाकर वाढ. माझा ऑफ संपला."

आईनं आधी त्याला बडवला, मग भाकर वाढली, मग हाताला धरून शेठकडे नेला. शेठनी कपाळाला हात लावला.

"अरे, पंख्याचा ऑफ वेगळा, माणसाचा वेगळा. माणसाला ऑफ म्हणजे सुट्टी. घरी बसावं, गोडधोड खावं, मजा करावी."

"मग तसं सांगायचं," भिवसेन म्हणाला. 'सुट्टी' हा शब्द आपल्याला येतो, हे शेठच्या लक्षातच आलं नाही.

पुढच्या आठवड्यात एक मोठी मुंज होती. केरबा आचारी भट्टीवर जिलब्या तळत होता. केरबाचे वडील पलीकडच्या गावात साखर कारखान्यावर रखवालदार होते. शेठना तिकडून फोन आला. शेठचं तोंड उतरलं. त्यांनी भिवसेनला बोलावलं.

"केरबाला सांग, त्याचे वडील ऑफ झाले. जरा जपून सांग. कामात आहे तो."

भिवसेननं जपून सांगायचं ठरवलं. ऑफसारखा अवघड शब्द केरबाला कळायचा नाही, म्हणून त्यानं तो मराठीत करून सांगितला.

"केरबादादा, आनंदाची बातमी. तुमच्या वडिलांना सुट्टी मिळाली. घरीच आहेत. मजेत आहेत."

"बरं झालं बाबा," केरबा म्हणाला. "चाळीस वर्षं राखण केली म्हाताऱ्यानं. कधी बसला नाही."

"आता गोडधोड खातायत."

केरबाला भरून आलं. त्यानं एक घाणा जास्तीचा काढला. दोन किलो जिलब्या बांधल्या आणि मोटारसायकलवाल्याबरोबर वडिलांना पाठवल्या. जिलब्या पोचल्या तेव्हा तिरडी बांधून झाली होती. भाऊबंदांनी पुडा उघडला आणि केरबाच्या नावानं जे काही म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

संध्याकाळी केरबा झारा घेऊन भिवसेनच्या मागं लागला. शेठ मध्ये पडले म्हणून वाचला.

"भिवा, 'ऑफ झाले' म्हणजे वारले. मेले. देवाघरी गेले."

"मग रडायचं?"

"तर काय हसायचं? असं कळलं की तोंड पाडावं. नावापुढे राव लावावं. स्पीकरवर सांगावं. सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहावं. आणि आता यापुढे एक चूक झाली तर तुझी नोकरी गेली."

भिवसेननं मान हलवली. एका शब्दाला तीन अर्थ शिकवण्यापेक्षा तीन मराठी शब्द वापरावेत, हे काही शेठना सुचलं नाही. शहाण्या माणसाला तसलं सुचत नाही.

मग आलं विठोजी मास्तरांच्या रेवतीचं लग्न. मास्तरांनी आयुष्यभर शाळेत घसा कोरडा केलेला, एकुलती एक मुलगी. नवरदेवाचे वडील अण्णासाहेब ढमढेरे तालुक्याचे. चारशे माणसांचं वऱ्हाड घेऊन आलेले. अण्णासाहेबांना गुलाबी फेटे हवे होते. मास्तरांनी केशरी आणले. अण्णासाहेब आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मुहूर्ताला अर्धा तास उरला होता. मास्तर हात जोडून खोलीच्या दाराशी उभे.

शेठनी मोटारसायकलला किक मारली. गुलाबी फेटे आणायला निघता निघता भिवसेनच्या कानात म्हणाले, "अण्णासाहेबांचा मूड ऑफ झालाय. स्पीकरवर सांग, मंडळींना जरा थांबायला सांग."

भिवसेनचं तोंड पडलं. ऐन लग्नात असं व्हावं, याचं त्याला फार वाईट वाटलं. तो स्टेजवर गेला. डोळे पुसले. सनई थांबवली.

"मंडळी, कळवायला दुःख होतं की, अण्णासाहेबांचे मूडराव ऑफ झाले. सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं."

चारशे माणसं उभी राहिली. फेटे उतरले. बायकांनी पदर डोळ्यांना लावला.

"मूडराव कोण?" एकानं शेजाऱ्याला विचारलं.

"तुम्हाला मूडराव माहीत नाहीत?"

"तसं नाही. नाव ऐकलंय."

"मोठा माणूस," शेजारी म्हणाला. त्यानंही नाव आत्ताच ऐकलं होतं.

अण्णासाहेब खोलीतून बाहेर आले. हे मूडराव कोण, असं ओठांवर आलंच होतं. पण समोर चारशे माणसं माना खाली घालून उभी. आपल्याच घरचं मयत आपल्याला ठाऊक नाही, असं व्याह्यांच्या गावात कसं म्हणायचं? अण्णासाहेबांनी रुमाल काढला.

"मूडराव," ते स्पीकरवर म्हणाले आणि त्यांचा आवाज चिरकला, "मूडराव म्हणजे आमच्या घराण्याचा खांब."

नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला केल्या. "मला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचे," तो म्हणाला.

भटजींनी विचारलं, "नात्यानं कोण?"

"चुलते," अण्णासाहेब म्हणाले. "अगदी जवळचे."

भटजींनी पंचांग मिटलं. "मग दहा दिवस सुतक. आज लग्न लागत नाही."

मास्तर मटकन खाली बसले. तेवढ्यात शेठ गुलाबी फेटे घेऊन आले. उभी माणसं बघितली, बंद पंचांग बघितलं आणि भिवसेनचं पडलेलं तोंड बघितलं. ते धावत स्टेजवर गेले.

"अण्णासाहेब, मूड कोणी माणूस नाही हो. मूड म्हणजे तुमचा रुसवा."

आता माघार घेणं कठीण होतं. रडून झालं होतं.

"आमच्या घरचा माणूस गेला आणि तुम्ही थट्टा करता?" अण्णासाहेब म्हणाले. "मूडरावांचा तेरावा झाल्याशिवाय मी लग्नाचं बोलणार नाही."

बोहल्यावरून रेवती खाली उतरली. तिनं इतका वेळ हसू दाबून धरलं होतं. तिनं मास्तरांना हाताला धरून उठवलं.

"बाबा, न जन्मलेल्या चुलत्यासाठी रडणारं घर हे. फेट्यासाठी रुसणारं तर आहेच. सुतक त्यांना पाळू द्या. आपण जेवून घेऊ."

मास्तरांनी मुलीकडे बघितलं, मग अण्णासाहेबांच्या रुमालाकडे बघितलं. आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला. "चल," ते म्हणाले.

नवरदेव म्हणाला, जेवण आमच्याही हक्काचं आहे. रेवतीची मावशी म्हणाली, सुतकात गोड कसं चालेल? मग दोन्हीकडचे एकमेकांवर तुटून पडले. कोणी कोणाचं कूळ काढलं, कोणी हुंडा मागितल्याचं काढलं. आणि हे सगळं स्पीकरवरून वेशीपर्यंत ऐकू जात होतं. दमलेलं वऱ्हाड एकेक करून खुर्च्यांवर टेकलं आणि ऐकत बसलं.

कार्यालयाची अब्रू चालली होती. शेठ गर्दीत अडकले होते. त्यांनी दोन्ही हात वर करून लांबूनच भिवसेनला खुणावलं.

"भिवा, माईक ऑफ. माईक ऑफ."

भिवसेननं जन्मात त्या वस्तूला भोंग्याची दांडी याशिवाय दुसऱ्या नावानं ओळखलं नव्हतं. एका दिवसात दोन मयतं. त्यानं भांडणाऱ्यांच्या हातातून ती दांडी काढून घेतली, तोंडाशी धरली आणि डोळे मिटले.

"मंडळी, दुःखावर दुःख आहे. माईकरावही ऑफ झाले."

बसलेली चारशे माणसं पुन्हा उभी राहिली. आणि अण्णासाहेबांनी दुसरा रुमाल मागितला.