नागोजीची पाणफणी

नदीच्या वळणावर एक गाव होतं, आणि त्या गावात फण्या करणाऱ्यांची अख्खी एक आळी होती. सकाळी तिकडून गेलं की घरोघर करवतीची खरखर ऐकू यायची आणि पायाखाली शिसवीचा भुसा पसरलेला असायचा. त्या आळीत नागोजीच्या तोडीचा कारागीर दुसरा नव्हता. हे मी म्हणत नाही, तो स्वतःच म्हणायचा. पण खोटं म्हणत नव्हता. त्याच्या फणीचा दात कधी मोडत नसे. लग्नात नवरीच्या रुखवतात नागोजीची फणी नसली, तर विहीणबाई नाक मुरडायच्या.

नागोजीच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र औषधाला केस नव्हता. ती सगळी कसर त्यानं मिशीत भरून काढली होती. काय ती मिशी! दोन्ही गालांवर पसरलेली, टोकांना पीळ दिलेली. रोज सकाळी तिला तेल लावल्याशिवाय तो करवत हातात घेत नसे.

त्या आळीची एक रीत होती. फणी तयार झाली की दारात टांगलेल्या अंबाडीच्या वाखाच्या झुबक्यातून ती ओढून बघायची. गुंता सुटला आणि दात शाबूत राहिले, की फणी पक्की. नागोजीचा आजा तसंच करायचा, बापही तसंच करायचा. नागोजीनं कधी वेगळा विचार केला नाही. करायचा तरी कशाला? अंबाडीनं कधी तक्रार केली नव्हती.

नागोजीच्या शेजारी सगुणाबाई राहायची. तिच्याकडे तिची भाची होती, हौसा, नऊ-दहा वर्षांची. तिचा बाप आधीच गेला होता आणि आदल्या वर्षी आईही तापानं गेली, म्हणून आत्यानं पोरीला आपल्या घरी आणलं. पोर गोड होती, आणि केस तर असे की बघतच राहावं. दाट, कुरळे, गुडघ्याला टेकणारे. थेट आईच्या वळणावर गेलेले. आई होती तोवर रोज तेल, रोज वेणी. आत्याचाही पोरीवर फार जीव, पण विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्यापासून तिचा उजवा हात आखडलेला. एका हातानं ती बिचारी काय काय करणार? तांब्या घ्यावा, तर केस चोळायला हात नाही. केस चोळावेत, तर शिकेकाई वाहून पोरीच्या डोळ्यांत. ते सगळं आवरून फणी घ्यावी, तोवर केस वाळून गुंता आणखी घट्ट झालेला!

न्हाण्याच्या दिवशी हौसाच्या किंकाळ्या वेशीपर्यंत ऐकू जायच्या. पुढे पुढे तर ती केसांना हातच लावू देईना. मानेमागे गुंत्याचा नारळाएवढा गोळा झाला. बायका कुजबुजायला लागल्या, "जट आली हो पोरीला!"

शेवटी आत्या रडत रडत म्हणाली, "बाळा, मला नाही गं जमत. बाजारच्या दिवशी सोनबा न्हाव्याला बोलावते. एकदाचे केस उतरवून टाकू."

हौसा रडली नाही. उठली, आणि थेट नागोजीच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली.

"नागोजीकाका, तुमच्या फण्या वाईट आहेत."

नागोजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या फण्या? अगं ए चिमुरडे, ही बघ!" असं म्हणून त्यानं अंबाडीतला सगळ्यात मोठा गुंता धरला आणि एका ओढीत मोकळा करून दाखवला.

"अंबाडीला कुठं दुखतं, काका?" हौसा म्हणाली. "मला दुखतं. माझे केस आईसारखे आहेत. ते काढले की आईचं काहीच उरणार नाही माझ्याकडे."

एवढं बोलली आणि ती निघून गेली.

आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, कालची पोर ती, मला शिकवते! नागोजीच्याही ओठांवर ते आलं होतं. पण खरं बोलणं कानावर पडलं की त्याला ते झिडकारता येत नसे, हा त्या माणसाचा मोठा गुण. तो फणी हातात धरून बसून राहिला. जन्मभर फण्या केल्या, पण फणी गुंत्यात अडकली की डोक्याला काय होतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असणार कसं? डोक्यावर केस असते तर ना!

मग त्याचा हात हळूच मिशीवर गेला.

थोड्या वेळानं बायको बाहेर येऊन बघते तर काय! नवरा अंगणात बसून मिशीला तेल, शिकेकाई आणि राख चोळतोय.

"अहो, वेड लागलं का तुम्हाला?"

"गप गं. गुंता करतोय."

गुंता झाला, उन्हात वाळला, आणि नागोजीनं आपली नामांकित फणी त्यात घातली. ओढल्याबरोबर त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "आई गं! मेलो!" करत तो अंगणभर नाचला. फणी अशी रुतून बसली की पुढे जाईना, मागे येईना. अखेर बायकोनं कात्री आणली, आणि एका बाजूची मिशी कापून फणी सोडवली.

त्या गावात घरातलं वडीलधारं माणूस गेलं तरच मिशी उतरवत. तेव्हा जो भेटेल तो आधी हळहळून विचारायचा, "नागोजी, कोण गेलं रे?" आणि खरं कळलं की पोट धरधरून हसायचा. आळीतले कारागीर म्हणाले, "अरे, अर्धी तोंडावर घेऊन काय फिरतोस? उरलेलीही उतरव."

"उरलेली अजून कामाची आहे," नागोजी म्हणाला, आणि पुन्हा गुंता करायला बसला.

हसणाऱ्यांना हसू द्यावं आणि आपण आपलं काम करावं, हे बोलायला सोपं असतं हो. नागोजीला लाज वाटत होती. बाहेर पडताना तो तोंडाला उपरण्याचं टोक धरायचा. पण काम सोडलं नाही. फणी कुठे लागते, ते आता त्याला कळायला लागलं. दाताचं टोक बोचत होतं, म्हणून त्यानं टोकं घासून गोल केली. दात दाट होते, ते विरळ केले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट कळली ती ही, की कोरडा गुंता ओढला की जीव जातो, पण वरून पाणी वाहत असताना फणी फिरवली की केसापासून केस सुटत जातो.

पण इथेच घोडं अडलं. पाणी ओतायला एक हात, फणी धरायला एक हात. सगुणाबाईकडे हात एकच!

डोक्यात हाच विचार घेऊन तो नदीवर गेला. तिथं पोरं पपईच्या देठांनी खेळत होती. पोकळ देठ पाण्यात बुडवायचा आणि वरच्या तोंडावर अंगठा दाबून उचलायचा, की पाणी आतच राहतं. अंगठा काढला की खालून धार. नागोजीनं हे लहानपणी शंभरदा केलं असेल. पण आज तो कमरेवर हात ठेवून बघतच राहिला, आणि मग जो पळत सुटला तो थेट घरी.

त्यानं वेळूचं, एका बाजूला गाठीनं बंद असलेलं एक जाडसर पेर घेतलं. त्याला खालच्या अंगाला ओळीनं बारीक भोकं पाडली. एका भोकात दात बसवला, पुढचं भोक मोकळं ठेवलं, परत एकात दात, परत एक मोकळं. उघड्या तोंडाला लाकडाचं बूच, आणि वरच्या अंगाला अंगठ्याखाली येईल असं एकच छिद्र. बूच काढून आत रिठ्याचं गाळलेलं पाणी भरायचं. अंगठा उचलला की पाणी दातांमधून केसांच्या मुळाशी, अंगठा ठेवला की बंद. धुणं आणि विंचरणं एकाच वेळी, एकाच हातानं! नागोजीनं उरलेल्या अर्ध्या मिशीचा गुंता त्या फणीनं सोडवला. डोळ्याला पाण्याचा टिपूससुद्धा आला नाही.

तो दिवस नेमका बाजाराचा निघाला. सगुणाबाईच्या अंगणात सोनबा न्हावी वस्तरा परजत होता आणि हौसा पाटावर मान खाली घालून बसली होती. नागोजी धापा टाकत आत शिरला. उपरणं घरीच राहिलं होतं आणि त्याची त्याला शुद्धही नव्हती.

"थांब सोनबा! सगुणाताई, एकदा ही फिरवून बघा."

फणी बघताच हौसानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. "नको! दुखेल!"

नागोजी तिच्यासमोर उकिडवा बसला. "तुझ्या वाटचं दुखून झालंय, पोरी," आपली अर्धी मिशी दाखवत तो म्हणाला. "सगळं मला दुखलं. आता तुला नाही दुखायचं."

हौसानं ती मिशी नीट बघितली. मग हळूच हात खाली घेतले.

आत्यानं डाव्या हातात फणी धरली, अंगठा उचलला, आणि टोकापासून सुरुवात केली. पाणी झिरपत गेलं, फणी सरकत गेली. एकेक बट सुटून पाठीवर यायला लागली. न्हाणं चालू आहे आणि किंकाळी कशी नाही, म्हणून शेजारपाजारच्या बायका काळजीनं धावत आल्या, आणि अंगणात येऊन तोंडात बोट घालून उभ्या राहिल्या. सोनबा तर वस्तरा मिटून मुकाट्यानं पाणी भरून द्यायला लागला. दुपार टळेपर्यंत मानेमागचा तो गोळा पुरता विरघळला.

हौसा उठून उभी राहिली. ओले केस गुडघ्यापर्यंत मोकळे झाले होते. तिनं ते पुढे घेतले, मुठीत धरले आणि विचारलं, "आत्या, मी आईसारखी दिसते का गं?"

सगुणाबाईनं डाव्या हातानं ते केस कुरवाळले. तिनं मान डोलावली आणि पोरीला पोटाशी घेतलं.

नागोजीवर हसणारे कारागीर कुंपणापाशीच उभे होते. त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं पुढे होऊन नागोजीच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "नागोजी, फणी करायला आम्हालाही येते रे. पण अशी नाही आली कधी."

त्या आळीतली रीत तेव्हापासून बदलली. प्रत्येक फणी आधी करणाऱ्याच्या केसांतून फिरू लागली, मगच गिऱ्हाइकाच्या हाती पडू लागली. ज्यांना टक्कल होतं, त्यांनी दाढ्या राखल्या.

तात्पर्य: दुसऱ्याचं दुखणं जो आधी स्वतः सोसून बघतो, त्याच्याच हातून दुसऱ्याला सुख देणारी वस्तू घडते.