नऊ मंगलाष्टकं आणि महाराजांच्या मिशा

कासाराच्या वेणूचं लग्न गुरुवारी होतं आणि सोमवारी महाराजांनी ते बंद पाडलं.

कारण एवढंच, की वेणूला ऐकू येत नव्हतं. सात वर्षांची असताना तापात तिचे कान गेले ते गेलेच. बोलायला मात्र ती पक्की होती. समोरच्याचे ओठ पाहून त्याचं बोलणं असं टिपायची, की चुगलखोरांनी लांबूनसुद्धा तिच्यासमोर तोंड उघडणं सोडलं होतं. तांबट आळीतल्या नारायणानं तिला पसंत केलं, तेव्हा त्याची आई तर हरखूनच गेली. "आमच्याकडे दिवसभर तांब्यावर ठोकाठोक," ती म्हणाली. "थोरली सून डोकं धरून माहेरी जाते ती महिना महिना येत नाही. ही एकटी टिकेल!"

पण निंबगिरी संस्थानात लग्नं लागायची ती देवीच्या मांडवात, आणि मांडवाचा नियम महाराजांच्या पणजोबांनी घालून दिलेला. वधूवरांनी प्रत्येक मंगलाष्टक ऐकलं पाहिजे, तरच लग्न लागलं म्हणायचं. हैबतराव महाराज एक नंबरचे हट्टी. पणजोबांचा नियम सोडाच, त्यांनी अंथरलेली सतरंजीसुद्धा ते हलवू देत नसत. गुरुवारनंतर लगेच चातुर्मास, म्हणजे चार महिने मुहूर्त नाही. त्यात नारायणाच्या मामानं दुसरी मुलगी आधीच हेरून ठेवलेली. तिला नारायणच हवा होता, दुसरा कुणी नको होता. तिनं पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

महाराज काहीतरी गरजले. वेणूनं हात जोडले.

"महाराज, मिशा जरा वर धरता का? तुमचं बोलणं त्यात अडकतंय."

महाराजांच्या मिशा ओठांवरून उतरून हनुवटीपर्यंत आलेल्या. न्हाव्याला त्यांच्याकडे नुसतं बघायचीही परवानगी नव्हती. पण आपण एवढे गरजलो आणि हिला काही कळलंच नाही, हे महाराजांना सहन होईना. त्यांनी दोन बोटांनी मिशा उचलल्या.

"म्हटलं, ऐकू येत नाही तर लग्न नाही!"

"आणि किती मंगलाष्टकं झाली ते बिनचूक सांगितलं तर?"

"डोळे बांधून सांगशील?"

"बांधा. पण बाकी सगळं खऱ्या लग्नासारखं हवं. वाजंत्री, वऱ्हाडी, अंतरपाट, अक्षता. आणि मला विचाराल तेच कानवाल्यांनाही विचारायचं."

"कबूल," महाराज म्हणाले आणि त्यांनी मिशा सोडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मांडव गच्च भरला. लग्न लटकं असलं तरी जिलबी खरी होती. महाराज उजव्या हाताला उंच आसनावर बसले. भटजींच्या कानात त्यांनी स्वतः आकडा सांगितला, सात. वेणूनं एकदा चौफेर नजर फिरवली, मग दिवाणांनी तिचे डोळे बांधले.

अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि लगोलग वऱ्हाडाच्या गप्पाही. पुढच्या रांगेत जिलबी साजूक तुपातली की कशातली यावर वाद पेटला. दोन बायका तिसरीची नथ जोखू लागल्या. महाराजांनी दिवाणांना शिकारीची हकिगत सांगायला घेतली. 'सावधान' झालं की मुठी उठत, अक्षता उडत, आणि गप्पा पुढे चालू. सातवं म्हणून भटजी थांबतात न थांबतात, तोच नारायणाची आत्या पुढे सरसावली. घरी रचून आणलेली मंगलाष्टकं आणि समोर भरलेला मांडव, बाई आवरणार कशा?

शेवटी वाजंत्री कडाडली आणि थांबली.

"बोला, किती झाली?" महाराजांनी विचारलं.

"पाच," दिवाण म्हणाले. "नाही, सहा." जिलबीवाले चारवर अडले. नथवाल्या बायका बोटं मोजू लागल्या. नारायण लाजत म्हणाला, "दोन." तो सगळा वेळ टाचा उंचावून अंतरपाटावरून वेणूकडे बघत होता.

वेणूची पट्टी सोडली. "नऊ," ती म्हणाली.

महाराजांनी मांडी थोपटली आणि घाईनं मिशा उचलल्या. "हुकलीस पोरी! सात! आकडा मीच दिला होता."

भटजी खाकरले. "महाराज, सात माझी. दोन आत्याबाईंची."

"त्यांनी कधी म्हटली?"

"आत्ताच की," आत्या फणकारली. "भैरवीत."

महाराज वेणूकडे वळले. "तुला ऐकू आलं?"

"नाही जी. डोक्यावर पडलं. सावधान झालं की अक्षता येतात. भटजींचं असो की आत्याबाईंचं, तांदूळ सारखेच टोचतात." वेणूनं केसांतले तांदूळ झटकले. "उजवीकडून, उंचावरून, एक मूठ अगदी नेम धरून यायची. चौथ्यापासून ती आलीच नाही."

"चौथ्याला वाघ निघाला होता," दिवाणांच्या तोंडून निसटलं.

"ज्यानं ऐकलं नाही त्याचं लग्न लागलं नाही, असा नियम आहे ना?" वेणूनं विचारलं. "मग महाराज, तुमच्या लग्नात किती झाली होती?"

महाराजांच्या मिशा वर धरलेल्याच राहिल्या. चिकाच्या पडद्याआडून राणीसाहेबांचा आवाज आला, "सांगा ना! अठ्ठावीस वर्षं झाली, मलाही कळू दे."

आणि महाराज हसले! असे हसले की मिशा बोटांतून सुटल्या, पुन्हा धरल्या, पुन्हा सुटल्या. "आजपासून ज्याच्या डोक्यावर अक्षता पडल्या, त्याचं लग्न लागलं!" त्यांनी फर्मान काढलं. वेणूला भरजरी पैठणी दिली, वर म्हणाले, "आणखी काय हवं ते माग."

वेणूनं त्यांच्या वरच्या ओठाकडे बोट दाखवलं.

गुरुवारी लग्न लागलं. शेवटच्या अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला, वाजंत्री आणि आरडाओरड्यात कुणाचं कुणाला ऐकू येईना. समोरून महाराज काहीतरी म्हणत होते.

"काय म्हणतायत?" नारायणानं कान टवकारून विचारलं.

वेणूनं लांबूनच महाराजांच्या कोऱ्या करकरीत ओठांकडे पाहिलं आणि ती खुदकन हसली.

"सुखी राहा म्हणतायत. आणि ओठाला फार गार वारं लागतंय म्हणतायत."