अंगारा आणि तळ्याचा बांध

फार पूर्वी डोंगरांच्या आड एक छोटासा देश होता. तिथले लोक आपला प्रमुख स्वतः निवडत. एकदा सगळ्यांनी मिळून मठातल्या स्वामींना निवडलं. स्वामी निर्मळ मनाचे होते, कधी कुणाला टाकून बोलत नसत. "आता आपल्याला काय कमी!" असं जो तो म्हणू लागला.

दर सोमवारी प्रमुखापुढे गाऱ्हाणी मांडायची, अशी तिथली रीत होती. पण स्वामींपुढे गाऱ्हाणं कसं मांडायचं? लोक पाया पडत, अंगारा घेत आणि घरी जात. स्वामींना वाटे, सगळे सुखात आहेत.

एका सोमवारी हौसा नावाची बाई दोन दिवस चालून आली. तिच्या गावाच्या वरच्या अंगाला तळं होतं आणि त्याच्या बांधातून पाणी झिरपत होतं.

"महाराज, आमचा बांध..." तिने सुरुवात केली.

"अगं, आधी पाया तरी पड!" मागचा म्हातारा खेकसला. "देवमाणसापुढे चिखलमातीच्या गोष्टी काय करतेस?"

सगळे हसले. हौसा ओशाळली.

स्वामी मायेने म्हणाले, "काळजी करू नकोस, बाळ. हा अंगारा बांधाला लाव. सगळं ठीक होईल."

हौसाने तसंच केलं. गावकरी म्हणाले, "आता खुद्द स्वामींचा हात आहे. माती कशाला टाकायची?" तिलाही ते पटलं.

आठव्या दिवशी बांध फुटला. अर्धं गाव वाहून गेलं. हौसाची आंधळी सासू सापडलीच नाही.

स्वामी अनवाणी धावत आले आणि चिखलात उभे राहून रडले.

"ढोंगी आहे!" कुणीतरी ओरडलं.

"असं बोलू नका, पाप लागेल," दुसरा म्हणाला.

हौसा पुढे आली. "ते ढोंगी नाहीत. डोळ्यांतलं पाणी खरं आहे. पण स्वामी, तुम्ही आमचे प्रमुख होतात. चार माणसं पाठवायची होती हो."

"खरं आहे, बाळ. तुला धीर दिला आणि मला वाटलं, काम झालं."

"मलाही तसंच वाटलं," हौसा हळूच म्हणाली. "आणि बांध तर मला रोज दिसत होता."

त्याच दिवशी स्वामींनी पद सोडलं. निघताना सगळे त्यांच्या पाया पडले. पण "थांबा" असं कुणीच म्हणालं नाही.

तात्पर्य एवढंच: ज्याला पुजतो त्याच्या हाती कारभार दिला, तरी कारभाराबद्दल प्रश्न विचारायला लाजू नये.