जास्वंदीतलं घरटं

माणसांना पाखरांची बोली कळायची, तेव्हाची ही गोष्ट. सगुणाकाकूंच्या परसात जास्वंदीवर बुलबुलिणीने घरटं बांधलं होतं. काकू रोज फांदी वाकवून तिची पिल्लं बघत.

एका सकाळी कौलांवरचा कावळा झेपावला आणि एक पिल्लू उचलून घेऊन गेला.

"मेल्याला घरटं सापडलं तरी कसं गं?" काकू कळवळल्या.

"तुम्ही रोज कुठे वाकता, ते तो बघत होता," बुलबुलीण म्हणाली. "अजून दोन उरलीत."

कावळा पुन्हा कौलांवर येऊन बसला होता. काकू तडक पलीकडच्या मेंदीच्या कुंपणाशी गेल्या आणि तिथे वाकल्या. कावळा लगेच मेंदीत शिरला.

आठ दिवस काकू तिथेच वाकत राहिल्या. पिल्लं उडाली, तेव्हाही त्यांची पाठ जास्वंदीकडेच होती.