दार नसलेलं कपाट आणि पिटुकली पाल

कुडाळात एक घर. घरात एक स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात एक कपाट. कपाटाला एक दार. आणि दारामागे कोण? एक पिटुकली पाल.

पाल रात्री जागायची. डास दिसला, की गट्टम् करायची. सकाळ झाली, की सुळसुळ सुळसुळ दारामागे जायची. तिथे अंधार असायचा. छान, गार, एवढासा अंधार. पाल शेपूट गुंडाळायची आणि झोपायची.

एक दिवस काय झालं?

खट्. खट्. खटाक्.

गुणाजी मेस्त्री आले आणि दार काढून घेऊन गेले. दार जुनं झालं होतं. पाणी पिऊन पिऊन फुगलं होतं. घरातल्या काकू म्हणाल्या होत्या, की आता खरंखुरं लाकडाचं दार हवं.

जुनं दार गेलं. नवं दार आलं नाही.

कपाटात लख्ख उजेड. पोह्यांचा डबा दिसायला लागला. कुळथाच्या पिठाचा डबा दिसायला लागला. आणि पालसुद्धा दिसायला लागली. खिडकीत एक कावळा बसला होता. त्यालाही दिसली. तो मान वाकडी करून बघतच राहिला.

आता झोप कशी येणार?

पाल एक दिवस झोपली नाही. दोन दिवस झोपली नाही. तिसऱ्या दिवशी ती भिंतीवरून पडली. टप्प.

पाल उठली. शेपूट झटकली. आणि निघाली.

सुळसुळ सुळसुळ, सुळसुळ सुळसुळ.

मेस्त्री अंगणात बसले होते. रंधा मारत होते. खर्र खर्र, खर्र खर्र. हात रिकामे नकोत, म्हणून एक जुना पाट तासत होते. तीन दिवस तासत होते. पाट आता पापडाएवढा उरला होता.

पाल म्हणाली,
"मेस्त्री, मेस्त्री, दार लावा.
मला झोप येईना."

मेस्त्री म्हणाले, "फळी आली, की लावतो. बाबलशेटना सांग."

सुळसुळ सुळसुळ, सुळसुळ सुळसुळ.

बाबलशेटची लाकडाची वखार रस्त्यापलीकडे होती. तिथे फळ्याच फळ्या. सागाच्या फळ्या. आंब्याच्या फळ्या. फणसाच्या फळ्या. सगळ्या भिंतीला टेकून उभ्या. बाबलशेट त्यांच्यावरची धूळ झटकत होते. फट् फट्, फट् फट्.

पाल म्हणाली,
"बाबलशेट, बाबलशेट, फळी पाठवा.
मेस्त्री दार लावेनात.
मला झोप येईना."

बाबलशेट म्हणाले, "काकूंनी फळी निवडली, की पाठवतो. काकूंना सांग."

सुळसुळ सुळसुळ, सुळसुळ सुळसुळ.

काकू खुर्चीत बसल्या होत्या. फोनमध्ये दारं बघत होत्या. हे दार, ते दार. टिक टिक, टिक टिक.

पाल म्हणाली,
"काकू, काकू, फळी निवडा.
बाबलशेट फळी पाठवेनात.
मेस्त्री दार लावेनात.
मला झोप येईना."

काकूंनी पालीला सगळं नीट समजावून सांगितलं. दाराला नक्षी नको. चौकट नको. काच नको. रंग नको. नुसती एक सपाट फळी हवी. लाकूड कसं लाकडासारखं दिसायला हवं. इतकं सगळं पक्कं ठरलं होतं. लाकूड कुठलं, तेवढंच राहिलं होतं.

काकू म्हणाल्या, "काकांनी डाग पुसले, की निवडते. काकांना सांग."

सुळसुळ सुळसुळ, सुळसुळ सुळसुळ.

काका पडवीत उभे होते. समोर लाकडाचे तीन तुकडे होते. एक सागाचा. एक आंब्याचा. एक फणसाचा. तिन्हींवर हळदीचा डाग. काकांच्या हातात ओलं फडकं. टप टप, टप टप पाणी गळत होतं.

पाल म्हणाली,
"काका, काका, डाग पुसा.
काकू फळी निवडेनात.
बाबलशेट फळी पाठवेनात.
मेस्त्री दार लावेनात.
मला झोप येईना."

काका म्हणाले, की स्वयंपाकघरात हळद सांडायचीच. ज्या लाकडावरची हळद पुसली जाईल, ते लाकूड चांगलं. म्हणून त्यांनी तीन डाग पाडले होते. ते पाडायला एक मिनिट लागलं. पुसायचे मात्र तीन दिवस राहिले होते.

काका म्हणाले, "आत्याने डाग बघितले, की पुसतो. आत्याला सांग."

आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. ती शेजारच्याच घरात राहायची.

सुळसुळ सुळसुळ, सुळसुळ सुळसुळ.

आता पालीचे पाय दुखायला लागले. मागून कावळाही आला. टुण टुण, टुण टुण. पाल थांबली, की तो थांबायचा. पाल निघाली, की तो निघायचा.

आत्या अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. हात लाल लाल झाले होते. चष्मा डोक्यावर होता.

पाल म्हणाली,
"आत्या, आत्या, डाग बघ.
काका डाग पुसेनात.
काकू फळी निवडेनात.
बाबलशेट फळी पाठवेनात.
मेस्त्री दार लावेनात.
मला झोप येईना."

आत्या हसली. बघायला कितीसा वेळ लागतो, असं म्हणाली. इथून मान वळवली, तरी काकांची पडवी दिसत होती. पण तिने मान वळवली नाही. आजीला न विचारता काही बघितलं, तर आजी आठ दिवस फुगून बसते. आत्याला हे चांगलं माहीत होतं.

आत्या म्हणाली, "आजी हो म्हणाली, की बघते. आजीला सांग."

सुळसुळ... सुळसुळ... सुळ... सुळ.

पाल फार दमली होती. कशीबशी परत आपल्या घराच्या मागच्या दारी पोचली. कावळाही पोचला. टुण.

आजी पायरीवर बसली होती. सुपात तांदूळ निवडत होती. सर्र सर्र, सर्र सर्र.

पाल म्हणाली,
"आजी, आजी, हो म्हण.
आत्या डाग बघेना.
काका डाग पुसेनात.
काकू फळी निवडेनात.
बाबलशेट फळी पाठवेनात.
मेस्त्री दार लावेनात.
मला झोप येईना."

आजीचा हात थांबला. तिला बरं वाटलं. तीन दिवस घरात दाराचंच बोलणं चाललं होतं. पण तिला कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलं ते या पालीने.

आजी म्हणाली, की तिची मुळीच ना नाही. पण तिची एक रीत होती. पाल चुकचुकली, की ती हो म्हणायची. काकांच्या लग्नाला तसंच हो म्हटलं. फ्रिजला तसंच हो म्हटलं. आणि आता बघावं, तर तीन दिवसांत घरात एकही पाल चुकचुकली नव्हती. कुठे गेल्या होत्या, कोण जाणे.

आजी म्हणाली, "पाल चुकचुकली, की हो म्हणते. जा, पालीला सांग."

पाल निघाली. सुळसुळ सुळ...

आणि थांबली.

तिने उजवीकडे पाहिलं. तिथे तांब्या होता. तिने डावीकडे पाहिलं. तिथे कावळा होता. तिने मागे पाहिलं. तिथे तिची स्वतःची शेपूट होती.

"पालीला सांगायचं?" ती म्हणाली. "पाल तर मीच."

मग पाल पायरीवर चढली. चारी पाय घट्ट रोवले. आणि चुकचुकली.

चुक चुक चुक.

आजीने सूप खाली ठेवलं. बोटांनी पायरीवर टकटक केलं. कृष्ण, कृष्ण म्हणाली. टकटक ऐकून कावळा भुर्रकन उडाला.

आणि आजी म्हणाली, "हो."

कशाला हो, ते तिने विचारलं नाही. कुणी तिला सांगितलंही नाही.

मग काय झालं?

आजी हो म्हणाली.
आत्याने डाग बघितले.
काकांनी डाग पुसले.

सागावरची हळद थोडी राहिली. आंब्यावरची हळद पुष्कळ राहिली. आणि फणसावरची? फणसावर डाग सापडेचना. फणसाचं लाकूडच हळदीसारखं पिवळं. त्यावर हळद कुठे आणि लाकूड कुठे, ते कळेना. काका फडकं घेऊन शोधत राहिले.

तोवर काकूंनी फणसाची फळी निवडली.
बाबलशेटनी फळी पाठवली.
मेस्त्रींनी पाट बाजूला ठेवला. फळीवर रंधा मारला. खर्र खर्र. तेल चोळलं. चुळुक चुळुक. आणि दार लावलं.

खट्. खट्. खटाक्.

दाराला नक्षी नव्हती. चौकट नव्हती. काच नव्हती. रंग नव्हता. नुसती एक सपाट पिवळी फळी. तिच्यावर बारीक बारीक रेघा. हात फिरवला, तर गुळगुळीत.

पण हे सगळं बघायला पाल थांबलीच नाही. मेस्त्री हात पुसत होते, तेवढ्यात ती सुळसुळ सुळसुळ आत गेली. दारामागे अंधार होता. छान, गार, एवढासा अंधार. त्याला नव्या लाकडाचा गोड वास येत होता. पालीने शेपूट गुंडाळली. आणि झोपली.

मग दार बघायला सगळे जमले. काका म्हणाले, हळदीची युक्ती त्यांची. आत्या म्हणाली, तिने बघताक्षणी ओळखलं होतं. बाबलशेट म्हणाले, ही फळी त्यांनी केव्हाची बाजूला काढून ठेवली होती. मेस्त्री म्हणाले, फळी कुठलीही असो, हात चांगला लागतो. काकू म्हणाल्या, त्यांच्या मनात पहिल्यापासून फणसच होता. आजी परत सूप घेऊन बसली. तिचे अर्धे तांदूळ निवडायचे राहिले होते.

काकूंनी दार जरासं उघडलं. दार लावलं. दारावरून हात फिरवला.

"किती छान बसलंय," काकू म्हणाल्या. "आता आत एक पालसुद्धा शिरायची नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

दारामागे पाल गाढ झोपली होती. तिने काही ऐकलं नाही.

आपणही हळू बोलू या हं. तिची तीन दिवसांची झोप राहिली आहे.