भैरूने टायमिंग लावलं

कृष्णाकाठच्या एका गावात भैरू नावाचा एक भोळा गडी राहायचा. चाळिशीला आला होता, पण भोळेपणा अजून पाळण्यातलाच. "जरा थांब" म्हटलं की थांबायचा, आणि तासाभराने विचारायचा, "आता हलू का?" रहिमान मिस्त्रींच्या गॅरेजात तो कामाला होता. मिस्त्रींनी त्याला का ठेवलंय हे गावाला कोडं होतं. खरं सांगायचं तर मिस्त्रींनाही होतं.

त्याच गावात आबा निकमांची एक जुनी परदेशी मोटार होती. इंजिन जुन्या चालीचं, कार्बोरेटरचं, पण त्याच्या शेजारी कॉम्प्युटरचा एक डबा बसवलेला. आबांच्या वैजूचं लग्न ठरलं. मुहूर्त बारा सत्तावीसचा, कार्यालय गाडीने वीस मिनिटांवर. आबांचे हट्ट दोनच. पोर माझ्याच गाडीतून जाणार, आणि कन्यादान मीच करणार. आणि नेमकी लग्नाच्या सकाळी गाडी खोकायला लागली. टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी पडायची वेळ, हललं होतं. त्यात मिस्त्रींचा उजवा हात प्लास्टरमध्ये.

"डोकं माझं, हात तुझे," मिस्त्री भैरूला म्हणाले. "मी सांगंन तेवढंच करायचं."

"तेवढंच करतो," भैरू म्हणाला.

"आधी इंजिन तापव. गार इंजिनावर टायमिंग बघत न्हाईत."

मिस्त्री पान थुंकून येईपर्यंत भैरूने गाडीखाली शेणी रचून पेटवल्यासुद्धा. मिस्त्रींनी डाव्या हाताने बादली ओतली आणि मग श्वास घेतला.

"अरं, जाळ लावायला कुणी सांगितलं? इंजिन सुरू करायचं आन् दहा मिनिटं शेजारी उभं राहायचं. आपोआप तापतं."

"ध्यानात ठेवतो," भैरू म्हणाला.

आणि ठेवलंही. मिस्त्रींनी चहा तापवून आणायला सांगितला. भैरूने पातेलं स्टोव्हवर ठेवलं, स्टोव्ह पेटवला नाही, आणि दहा मिनिटं शेजारी उभा राहिला. मग कप भरून आणला.

"गारच हाय की रं."

"पर जाळ न्हाई लावला," भैरू म्हणाला.

मिस्त्रींनी तो गार चहा तसाच पिऊन टाकला.

"आता ही हवेची नळी काढ आन् तिच्या तोंडात बोळा घाल. तोंड उघडं ठेवायचं न्हाई."

हे भैरूने झकास केलं. मिस्त्री शाबास म्हणाले. इथंच चुकलं. शाबासकी मिळालेला भैरू आणखी उघडी तोंडं शोधत गाडीभोवती फिरला, आणि मागे त्याला सायलेन्सर सापडला. इंजिन दोनदा उचकलं आणि बंद पडलं.

"ह्या तोंडातनं तर धूर येत होता, मिस्त्री," भैरू म्हणाला. "बरं झालं मी बघितलं."

मिस्त्रींनी बोळा उपसून काढला आणि इंजिन पुन्हा सुरू केलं. सव्वादहा झाले होते.

"आता नीट ऐक. हा डबा लई शहाणा. आपण टायमिंग लावायला गेलो की हा मधेच आपल्या मनानं पुढंमागं करतो. म्हणून शहाण्याला आधी काढून ठेवायचं, काम झाल्यावर जोडायचं. ह्याची वायर काढलीस की समोर लाल दिवा पेटंल. पेटू दे. तिकडं लक्ष द्यायचं न्हाई."

भैरूने वायर काढली. लाल दिवा पेटला. भैरूने त्याच्याकडे पाठ केली.

"आन् काहीबी हलवायच्या आधी, ते जिथं हाय तिथं खडूनं खूण करायची. परत बसवायचं ते खुणेवर. बसवलं की असं आवळायचं, की हललं न्हाई पायजे."

एवढं सांगून मिस्त्री टायमिंग तपासायचा लुकलुकता दिवा आणायला घरी गेले. तेवढ्यात आबा आले. नवा फेटा, नव्या वहाणा, आणि जिवाला घोर. ते बॉनेटपाशी उभे राहून सांगू लागले, "भैरू, जरा डावीकडं घे. नगं, उजवीकडं. मी सांगतो, थोडं पुढंच घे."

भैरू थांबला. त्याने आबांकडे नीट बघितलं. मग खाली बसून त्यांच्या दोन्ही वहाणांभोवती खडू फिरवला.

"हे काय रं?"

"खूण," भैरू म्हणाला. "आबा, जरा आत या."

त्याने आबांना सामानाच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. आबांनी दार बडवायला सुरुवात केली. भैरूने दाराकडे पाठ केली.

मिस्त्री आले तेव्हा इंजिन धडधडत होतं. "कसला आवाज येतोय रं?"

"तिकडं लक्ष द्यायचं न्हाई," भैरू म्हणाला.

मिस्त्रींना वाटलं, शेजारी पत्रे ठोकत असतील. त्यांनी डाव्या हाताने दिवा धरला. भैरूने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, आणि पुलीवरची खूण बरोबर आकड्यावर येऊन उभी राहिली. काय सांगू, असं सुरेख टायमिंग त्या गाडीला कधी लागलं नव्हतं.

"आवळ. आता नळी बसव आन् डबा जोड."

भैरूने बोल्ट आवळला, नळी बसवली, डबा जोडला. लाल दिवा विझला. आबांचं मिस्त्री काही बोलले नाहीत, म्हणून आबा तसेच राहिले.

गाडी भैरूनेच चालवली. ते त्याला उत्तम जमायचं, कारण गाडी तोंडाने काही सांगत नाही. आबा दिसेनात तेव्हा बायका म्हणाल्या, वऱ्हाडाबरोबर पुढे गेले असतील. पण कार्यालयात भटजींनी मुलीच्या वडिलांना हाक मारली, आणि कुणीच ओ दिली नाही. पावणेबारा होत आले होते. वैजूचे डोळे भरून आले. "आबा आल्याबिगर मी उभी राहायची न्हाई," ती म्हणाली. मिस्त्रींना ते बघवेना. त्यांची मान सावकाश भैरूकडे वळली.

"भैरू, आबा कुठं हाईत?"

"काढून ठेवल्यात."

मिस्त्रींनी प्लास्टरचा हात कपाळावर मारून घेतला. मग दुखऱ्या हाताला फुंकर घालत म्हणाले, "जा. गाडी घे, आन् आत्ताच्या आत्ता त्यांना परत जोडून ये."

गाडी कुठे खोकली नाही, कुठे अडखळली नाही. बरोब्बर बारा सत्तावीस झाले असतील, तेव्हा दारात हॉर्न वाजला. अख्खं वऱ्हाड अक्षता मुठीत धरून धावलं. गाडीतून घाम पुसत भैरू एकटाच उतरला.

"आबा?" वैजूने विचारलं.

"जोडले," भैरू म्हणाला. "गॅरेजात. बरोब्बर खडूच्या खुणेवर."

मिस्त्रीच पुढे होऊन हळूच म्हणाले, "अरं, मग ते तुझ्यामागं पळत का न्हाई आले?"

"लई हलत होते," भैरू म्हणाला. "म्हणून खांबाला आवळून आलोय."