आवटींचा अंदाज

“…बाकी काही नको मास्तर, मला एवढंच सांगा. त्या खोलीत तुम्ही होता की नव्हता?”

विष्णुमास्तर ओट्यावर बसून दाढी करत होते. एक गाल साफ, दुसऱ्यावर साबणाचा फेस. खांबाला टांगलेल्या आरशातूनच त्यांनी धनपालशेटांकडं पाहिलं.

“होतो,” ते म्हणाले.

“होता!”

“बक्षिसाच्या समितीत नाव होतं माझं. गाडी पाठवली, गेलो. बस की. उभा का?”

“बसायला आलो नाही मी.”

सांगलीपासून हरिपूरपर्यंत धनपालशेटांनी मोटारसायकल अशी हाणली होती की वाटेत एक म्हैस बाजूला झाली नसती तर हे सगळं बोलणं आज झालंच नसतं. कारण असं, की सकाळी पेढी उघडायला निघाले असताना टॉकीजवर एक माणूस शिडी लावून सगुणाबाई बिरनाळेंच्या पिक्चरचं पोस्टर उतरवताना त्यांना दिसला. “का उतरवतोस रे?” तर म्हणाला, “शेट, बक्षीस दुसऱ्या बाईला मिळालं. मालक म्हणाले, आता हिच्याकडं कोण येतंय? त्या दुसरीचाच पिक्चर लावा.” अर्धं पोस्टर फाटून त्याच्या हातात आलं होतं. त्यात सगुणाबाईंचा एकच डोळा राहिला होता.

धनपालशेटांच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथंच.

आता धनपालशेट आवटी म्हणजे हळदपेठेतली मातबर असामी. शाळा अर्ध्यात सुटली, पण माणसं वाचली, ऐकली, पारखली आणि शहाणे झाले. तरुणपणी नट व्हायचं म्हणून ते मास्तरांकडं आले होते. मास्तरांनी थोडे दिवस बघितलं आणि सांगितलं, “धनपाल, तुझ्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. देवानं तुला व्यापारासाठी घडवलंय. पेढीवर बस.” दुसरा कुणी असता तर तोंड फिरवून गेला असता. हे मात्र पेढीवर बसले आणि दर रविवारी हरिपूरला यायचे ते यायचेच. नट झाले नाहीत, पण नट कसा बघावा ते शिकले. मास्तरांच्या हाताखालून नाटकात, पिक्चरात गेलेली कितीतरी मंडळी शेटना अजून बिचकून असतात.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे ‘आवटींचा अंदाज’. यंदाचं पिक्चरचं बक्षीस कुणाला मिळणार, हे धनपालशेट आधी सांगायचे आणि ते तसंच व्हायचं. सुरुवातीला पेढीवरच्या चहापुरतं होतं. मग गावातल्या पेपरात छापून यायला लागलं, मग मोबाईलवरून मुंबईपर्यंत जायला लागलं. लोक विचारायचे, शेट, तुम्हाला कळतं कसं? शेट हसून म्हणायचे, “सोपं आहे. कोण जास्त रडलं, कुणी डोकं भादरलं, कुणाला पिक्चरमध्ये असाध्य रोग झाला, एवढं बघायचं. चांगलं कुणी केलं ते बघायला गेलात की फसलात!”

यंदाही त्यांनी असंच सांगितलं होतं. बक्षीस शाल्मली राजाध्यक्षला. शाल्मलीबाई पिक्चरमध्ये कोर्टाच्या पायऱ्यांवर लोळून रडल्या होत्या.

अंदाज बरोबर आला. पेढीवर हार झाले, नारळ झाले.

“तुम्ही तिचं काम बघितलंत का नाही?” धनपालशेट आता ओट्याच्या कडेवर हात आपटत विचारत होते. “सगुणा बिरनाळेचं. तुमच्याच हातची बाई! फौजदार येतो. पोरगा गेला म्हणून सांगतो. ती त्याला चहा ओतत असते…”

“बघितलं.”

“ती ओतायची थांबत नाही, मास्तर! धार हलत नाही. कप भरतो, किटली खाली ठेवते, आणि विचारते… काय विचारते?”

“साखर जास्त झाली का.”

“साखर जास्त झाली का!” धनपालशेटांचा आवाज फाटला. “अहो, टॉकीजमध्ये माझ्या शेजारी बसलेला हमाल ढसाढसा रडला. तुमच्या त्या समितीत माणसं होती की पोती रचली होती?”

मास्तरांनी वस्तरा पाण्यात बुडवला. गालावरचा फेस वाळत चालला होता.

“तोंड आहे ना तुम्हाला? मग बोला की!”

“काय बोलू? चूक झाली.”

असं काही उत्तर येईल असं धनपालशेटांना वाटलं नव्हतं. मास्तर बाजू मांडतील, नियम सांगतील, मग आपण एकेक मुद्दा खोडून काढू, अशी सगळी तयारी त्यांनी वाटेत केली होती. समोरच्यानं पहिल्याच बोलीला माल सोडून दिला की व्यापाऱ्याचा जीव घाबरा होतो, तसं त्यांचं झालं. आणि घाबरं झालं की ते आणखी चिडायचे.

“चूक झाली म्हणजे? ती बाई आता साठीला टेकली. तिला पुन्हा असं काम कोण देणार आहे? तिचं पोस्टर फाडलं आज! मी बघून आलो!” त्यांनी श्वास घेतला. “उद्या नाट्यमंडळाची सभा आहे. मी उभा राहणार. सगळ्या गावासमोर तुमचं नाव घेणार. ज्यांनी आम्हाला बघायला शिकवलं ते स्वतःच आंधळे निघाले, असं सांगणार. आणि तुमचं अध्यक्षपद काढा म्हणणार. मग तुमचा माझा संबंध संपला तरी चालेल.”

“सांग.”

“सांगणारच!”

“सांगच.” मास्तरांनी वस्तरा खाली ठेवला. “पण त्या खोलीत काय झालं ते तरी ऐकून जा. सभेत कुणी विचारलं तर तुझी पंचाईत नको.”

धनपालशेट जायला वळले. पण गेले नाहीत.

“शेवटच्या दिवशी दोन नावं उरली,” मास्तर म्हणाले. “सगुणा आणि ती दुसरी. मी म्हटलं, सगुणाचा चहाचा प्रसंग पुन्हा एकदा बघू या. लावा म्हटलं. तेवढ्यात एकानं विचारलं…”

ते आरशात बघत राहिले.

“काय विचारलं?”

“सांगलीचा आवटी काय म्हणतो?”

…

“म्हणजे?” धनपालशेटांनी विचारलं.

“म्हणजे हेच. दुसऱ्यानं मोबाईल काढून बघितलं. म्हणाला, आवटी म्हणतो राजाध्यक्ष. तिसरा हसला. म्हणाला, मग कशाला वेळ घालवता, जेवण गार होतंय.” मास्तरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “माझ्या तोंडावर म्हणाला! आणि वर मला म्हणतो, मास्तर, आवटी तुमचाच चेला ना? तुमच्या चेल्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं!”

“पण मी… मी ती चांगली आहे असं कुठं म्हटलं होतं?” धनपालशेट पुढं सरकले. “अंदाज वेगळा आणि पसंती वेगळी! दुकानदार काय करतो? आपल्याला आवडतो तो माल सांगत नाही, खपणार तो माल सांगतो. मी फक्त काय होणार ते सांगितलं. काय व्हावं ते नाही!”

मास्तरांनी खांद्यावरचा पंचा काढला. तोंड पुसतील असं वाटलं. पण त्यांनी तसाच फेसाचा गाल ठेवून धनपालशेटांचा उजवा हात ओढून घेतला, आपला हात त्यात दिला आणि दोन्ही हातांवर पंचा टाकला.

धनपालशेटांना कळलं. हळदपेठेत कुणाला कळलं नसतं? त्यांच्या वडिलांच्या काळात सगळे सौदे असेच व्हायचे. घेणारा आणि अडत्या कापडाखाली हात धरायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. भोवती सगळी पेठ उभी, पण भाव त्या दोघांनाच ठाऊक.

“हे काय, मास्तर?”

“तुमच्यात सौदा असा कापडाखाली का करायचे?”

“आता हे काय मध्येच…”

“विचारतो म्हणून सांग.”

“भाव फुटू नये म्हणून.”

“फुटला तर काय होतं?”

धनपालशेटांचा राग अजून तोंडातच होता, पण पेठेची गोष्ट निघाली की त्यांच्यानं राहवायचं नाही. “आमचे जिनाप्पाकाका होते. पेठेतली सगळ्यात मोठी पेढी त्यांची. एकदा कापडाखाली अडत्याशी जुंपली. अडत्या भाव सोडेना. काका तापट. कापड झटकून टाकलं आणि भर पेठेत ओरडून आपला भाव सांगितला. पडेल भाव हो, अगदी कचऱ्याचा.”

“मग?”

“मग काय! एवढी मोठी पेढी हा भाव बोलली म्हटल्यावर बाकीच्यांनी डोकं कशाला चालवायचं? संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेत तोच भाव. राजापुरी हळद, नुसती सोन्यासारखी, तिलासुद्धा तोच. कुणी एक हळकुंड मोडून बघायलासुद्धा थांबलं नाही, सगळ्यांनी नुसतं काकांचं ऐ…”

धनपालशेटांचं वाक्य तिथंच राहिलं.

कापडाखाली मास्तरांचा हात त्यांच्या हातात होता. म्हातारा, कोरडा हात. तो हलला नाही, दाबलाही नाही.

ओट्याखाली एक कोंबडी माती उकरत होती.

“पण काका काय हळद वाईट आहे असं म्हणाले नव्हते,” धनपालशेट कसंबसं म्हणाले. “त्यांनी फक्त…”

“हं.”

“त्यांनी फक्त आपला भाव सांगितला होता.”

“हं.”

धनपालशेटांनी हात ओढून घेतला. पंचा ओट्यावर पडला. त्यांचं तोंड लाल झालं होतं. माणूस समोरच्यावर चिडून आलेला असतो आणि रागाला जागा उरत नाही, तेव्हा तो जास्तच कडू बोलतो. तेही तसंच बोलले.

“बरं! माझं तोंड सुटलं. मी व्यापारी माणूस, माझं तोंड सुटायचंच. आणि ते बाकीचे गाढव होते, तेही मान्य. पण तुम्ही? तुम्ही मास्तर! सगळा महाराष्ट्र एका बाजूला गेला तरी तुम्ही दुसऱ्या बाजूला बसायचं! मी तुमच्या पायाशी शिकलो ते काय एवढ्यासाठी? ते जेवायला उठले, तेव्हा तुम्ही काय केलंत?”

“त्यांनी विचारलं, राजाध्यक्षच्या बाजूनं कोण? हात वर करा.”

“आणि तुम्ही…?”

मास्तरांनी खांबावरचा आरसा सरळ केला.

“केलात?”

“केला.”

“का?” आता धनपालशेट ओरडले नाहीत. अगदी हळू विचारलं, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. “का, मास्तर?”

“कुणास ठाऊक. सगळे बघत होते. तुझं नाव निघालं होतं. मनात आलं, धनपाल म्हणतोय, त्याला मीच शिकवलंय… माझंच काही राहिलं असेल बघायचं.” मास्तर स्वतःवरच चिडून हसले. “माझा हात वर गेलेला मला दिसला. खाली घ्यावा असंही वाटलं. घेतला नाही.”

“लाज नाही वाटली?”

“वाटली. अजून वाटते. म्हणून तर म्हटलं, उद्या सभेत सांग. मी पुढच्याच रांगेत बसणार आहे. एक शब्द खोटा आहे असं म्हणणार नाही.”

धनपालशेट फेऱ्या मारायला लागले. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांना मास्तरांच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं, आणि मास्तर इतके सरळ समोर बसले होते की धावायला काही निमित्त सापडत नव्हतं.

“मी असतो त्या खोलीत,” शेवटी ते म्हणाले, “तर टेबल उलथं केलं असतं! सगुणाबाईंचं नाव लावल्याशिवाय कुणाला घास गिळू दिला नसता. मी हात वर केला नसता, मास्तर. मेलो असतो तरी केला नसता!”

“खरं आहे.”

“खरं आहे काय! खरंच आहे!”

मास्तरांनी पंचा उचलला आणि फेस वाळलेला गाल हळूहळू पुसला. अर्धी दाढी तशीच राहिली.

“जाहीर झालं तेव्हा तू कुठं होतास, धनपाल?”

“पेढीवर. टीव्ही लावला होता. सगळी पेठ गोळा झाली होती.”

“सगुणाचा फोटो दाखवला का?”

“दाखवला. दोघींचे शेजारी शेजारी दाखवले.”

“आणि मग राजाध्यक्षचं नाव पुकारलं.”

“हो.”

“मग तू काय केलंस?”

धनपालशेट ताडकन काहीतरी बोलायला गेले. पेढीवरची ती गर्दी त्यांच्या डोळ्यांसमोर आली असावी. ‘आवटींचा अंदाज’ म्हणून उसळलेला गलका, पाठीवरच्या थापा, आणि त्या सगळ्याच्याही आधी, अगदी नाव कानावर पडलं त्या क्षणी…

त्यांनी आपले दोन्ही तळहात वर करून बघितले. जसे काही ते दुसऱ्या कुणाचे होते.

“टाळी…” ते म्हणाले. “टाळी वाजवली.”

मास्तरांनी वस्तरा उचलला. तो मिटत ते म्हणाले,

“मी एकच हात वर केला होता.”